सांताक्रुझचा आकडा आणि आपल्या गॅलरीतलं ऊन: ठाणे-नवी मुंबईवाल्यांनो, नोंदी ठेवूया का?

कोलशेतकर | शनिवार, दुपारी ३.२०

मंडळी, गेले चार दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. संध्याकाळच्या बातम्यांत मुंबईचं कमाल तापमान ३५ सांगतात, ते सांताक्रुझच्या वेधशाळेतलं, आणि आमच्या गॅलरीतला थर्मामीटर दुपारी अडीचला ४३ दाखवतो. सांताक्रुझ आमच्यापासून वीसेक किलोमीटर असेल, तेवढ्यात आठ अंशांचा फरक पडतो का? की माझा थर्मामीटर खोटं बोलतोय?

आज हवामान खात्यानं ठाणे आणि रायगडला सोमवार ते बुधवार उष्णतेचा पिवळा इशारा दिलाय. घरात आई ७६ वर्षांची आहे, तिला बीपीची गोळी चालू आहे, आणि खाली सोसायटीत रंगकामाचे लोक दिवसभर दोरांच्या पालखीवर लटकलेले असतात. त्यांना मी काय सांगू, ३५ आहे म्हणून की ४३ आहे म्हणून?

माझं म्हणणं असं की आपण इथेच रोज लिहूया. जागा, वेळ, आकडा आणि वारा कुठून येतोय. सांताक्रुझ-कुलाब्याचं सगळे लिहितात, आपलं कोणीच लिहीत नाही.

---

एमएच_०४ | शनिवार, ३.४१

रिक्षाच्या हँडलला हात लावला की कळतं किती तापलंय ते. आकडा कशाला पायजे भाऊ.

---

नेरूळची_आई | शनिवार, ३.५८

आमच्याकडे सीवूड्सला पण भयंकर आहे. मुलाची सकाळची शाळा ११.३० ला सुटते, बसमधून उतरतो तेव्हा तोंड लालबुंद झालेलं असतं. घामोळं तर मानेपासून पाठीपर्यंत. मी नोंद ठेवायला तयार आहे पण माझ्याकडे थर्मामीटर तापाचाच आहे, तो चालतो का? (खरंच विचारतेय)

---

वेधशाळाकाका | शनिवार, ४.३०

नेरूळताई, तापाचा नाही चालणार, तो ४२ च्या पुढे जातच नाही आणि अंगाला लावल्याशिवाय नीट वाचतही नाही. साधा खोलीतला डिजिटल घ्या.

कोलशेतकर, आधी मला सांगा थर्मामीटर लावलाय कुठे? भिंत कुठल्या दिशेची, ऊन किती वाजता येतं, खाली-वर कोणाच्या एसीचा बाहेरचा डबा आहे का?

---

कोलशेतकर | शनिवार, ४.४४

काका, पश्चिमेची गॅलरी. ग्रिलला वायरने बांधलाय. ऊन दीडपासून येतं. आणि हो, खालच्या मजल्याच्या एसीचा डबा बरोबर त्याच्याच खाली आहे, हे लिहिताना लक्षात आलं.

---

वेधशाळाकाका | शनिवार, ५.२५

मग तुमचा थर्मामीटर खोटं बोलत नाही, तो ग्रिलचं आणि एसीच्या झोताचं तापमान खरंखुरं सांगतोय. फक्त ते हवेचं नाही.

मी नोकरीची बरीच वर्षं निरीक्षक म्हणून काढली त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा. वेधशाळेत थर्मामीटर कधीच उघडा नसतो. पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी असते, चारी बाजूंना झडपांसारख्या तिरक्या पट्ट्या, तिला स्टीव्हनसन पेटी म्हणतात. जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर, खाली गवत किंवा मोकळी माती, आणि दार उत्तरेला, कारण वाचायला दार उघडलं तरी ऊन आत जाता कामा नये. म्हणजे हवा आत-बाहेर खेळते पण ऊन थेट पाऱ्यावर पडत नाही. सकाळी साडेआठला किमान वाचायचं, संध्याकाळी साडेपाचला कमाल. देशभर हीच पद्धत, म्हणून पुण्याचा आकडा नागपूरच्या आकड्याशी ताडून बघता येतो. ही शिस्त नसती तर प्रत्येक गावाने आपापलं ऊन मोजलं असतं.

आणि यंत्रसुद्धा चुकतं बरं का. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ दाखवलं, देशभर बोंब झाली की विक्रम मोडला. खात्याने जाऊन तपासलं तर संवेदकात (सेन्सरमध्ये) ३ अंशांची चूक निघाली. आपल्या देशाचा मान्य विक्रम अजून राजस्थानातल्या फलोदीचाच, १९ मे २०१६ चा, ५१.०. म्हणून कुठलाही मोठा आकडा दिसला की मी आधी विचारतो, पेटी कुठे ठेवली होती.

घरी करायचं तर सोपा उपाय सांगतो. कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या सहा आणा. एक अख्खी ठेवा, ती छप्पर. बाकीच्यांना मधोमध थर्मामीटर मावेल एवढं भोक पाडा. सगळ्या पालथ्या घालून एकावर एक रचायच्या, मध्ये बोटभर फट राहील असे जुन्या बॉलपेनच्या नळीचे तुकडे घालायचे आणि तीन लांब बोल्टनी आवळायचं. थर्मामीटर आत. हे सगळं भिंतीपासून हातभर लांब, सावलीच्या बाजूला टांगा. आणि मग मला आकडा सांगा.

---

जुना_नौपाडा | शनिवार, रात्री ९.१०

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की हीच ओरड. अहो ऊन आमच्या लहानपणी पण होतं. सांताक्रुझचा विक्रम बघा ना, १४ एप्रिल १९५२ ला ४२.२. सत्तर वर्षं उलटून गेली, अजून मोडलेला नाही. मार्चचा विक्रम २८ मार्च १९५६ चा, ४१.७. तेव्हा कुठे एवढी काँक्रीटची जंगलं होती? आम्ही गच्चीवर सतरंजी टाकून झोपायचो, पहाटे चादर लागायची. हल्ली लोकांना एसीची सवय झाली म्हणून सोसत नाही एवढंच.

---

घणसोली_टॉप_फ्लोअर | शनिवार, रात्री ११.४८

काका, पहाटे चादर लागायची हे तुम्हीच लिहिलंत, तोच तर मुद्दा आहे. दुपारचा विक्रम १९५२ चा असेल पण रात्रीचं काय? माझं घर सातव्या मजल्यावर, वर थेट स्लॅब. आत्ता पावणेबाराला छताला हात लावला तर कोमट चहाच्या पेल्यासारखं लागतंय. दिवसभर जे प्यायलंय ते स्लॅब रात्रभर घरात ओतत असतो. पंखा लावला की गरम हवा अंगावर येते. काल रात्री दोनला लाईट गेली ती साडेचारला आली, तेवढ्या वेळात बाळाला ओल्या पंच्याने पुसत बसलो आम्ही दोघं.

माझ्याकडे रात्रीच्या नोंदी आहेत, घरातल्या. गेल्या आठवड्यात एकदाही ३१ च्या खाली गेलं नाही, पहाटे पाचलासुद्धा. कोणी १९५२ ला गच्चीवर झोपून हे मोजलं असेल तर सांगा.

---

जुना_नौपाडा | रविवार, सकाळी ७.३०

मोजलं नाही. पण गारवा होता हे नक्की. बाळाची काळजी घ्या. गच्चीला पांढरा चुना मारून घ्या सोसायटीकडून, खर्च फार नाही, आमच्या चाळीत पत्र्यांना मारायचे.

---

पनवेलकर | रविवार, ८.१५

चुन्याला अनुमोदन. बायकोचं माहेर अहमदाबादचं. तिथे २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ वर गेला होता, खूप माणसं दगावली. त्यानंतर २०१३ ला त्यांनी शहरासाठी उष्णतेचा कृती आराखडा केला, आपल्या देशातला पहिला. छपरांना पांढरा रंग, चौकाचौकात पाणी, इशारा आला की मोबाईलवर निरोप. सासरेबुवांच्या गच्चीला मी स्वतः रंग दिलाय, वरच्या खोलीत फरक पडतो, हाताला कळतो.

---

आठशेपन्नास_मिलीबार | रविवार, ११.०५

मूळ प्रश्नाकडे येतो. सांताक्रुझ आणि ठाण्यात फरक का पडतो, आणि परवापासून काय होणार.

आपला अख्खा उन्हाळा खाऱ्या वाऱ्यावर चालतो. सकाळी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते, समुद्रावरची गार हवा आत शिरते. एरवी हा वारा अकरा-बाराच्या सुमारास किनाऱ्यावर येतो आणि मुंबईचा पारा तिथेच अडतो, ३३-३४ ला. ठाण्याला मात्र तो उशिरा पोचतो कारण मध्ये येऊरचे डोंगर आडवे आहेत आणि समुद्रही लांब. तो येईपर्यंत आपण तापतच राहतो. कळवा-मुंब्रा, पुढे बदलापूर-कर्जत यांना त्याहून उशिरा.

आता उष्णतेची लाट कधी येते? पूर्वेचा, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा जोरात असला की. तो खाऱ्या वाऱ्याला दारातच थोपवून धरतो. वरून ही हवा घाटमाथ्यावरून खाली कोकणात उतरते, उतरताना दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळजवळ १० अंश तापते. विदर्भ-मराठवाड्याकडची तापलेली हवा, वर हा प्रकार, आणि वर समुद्राचं दार बंद. दोनला वारा आला तर ३८, तीनला आला तर ४०. एवढासाच खेळ आहे.

माझ्या नावाचं कोडं पण सोडवतो. हवेचा दाब ८५० मिलीबार असतो त्या उंचीवर, साधारण दीड किलोमीटरवर, किती तापमान आहे ते आम्ही नकाशे बघणारे बघतो. तिथे २५ असेल आणि हवा कोरडी असेल तर खाली जमिनीवर त्यात १५ मिळवा, ४० येतात. मंगळवारसाठी युरोपचं हवामानाचं संगणकी मॉडेल २५ दाखवतंय, अमेरिकेचं २६. दोघांचं एकमत आहे की मंगळवारी दुपारपर्यंत वारा पूर्वेचा. म्हणून मला मंगळवार वाईट दिसतोय. बुधवारी युरोपवाला म्हणतो वारा लवकर फिरेल, अमेरिकावाला म्हणतो नाही. उद्या रात्री पुन्हा बघून सांगतो, तीन दिवसांपलीकडचं मी छातीठोक सांगत नाही.

---

खाडीकाठी | रविवार, १२.२०

याला आमच्यात मतलई म्हणतात, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. आजोबा दिव्याच्या कोळीवाड्यातून (ऐरोलीचा दिवा) खाडीत होडी घालायचे. मतलई पहाटे सुटायचा आणि उन्हं वर आली की पडायचा, मग खारा वारा धरायचा. आजोबा सांगायचे, मतलई दुपार धरून राहिला की मासा तळाला बसतो आणि माणसाने सावलीला बसावं. मॉडेल त्यांच्याकडे नव्हतं पण एवढं त्यांना चांगलं कळत होतं.

---

आठशेपन्नास_मिलीबार | रविवार, १२.३१

खाडीकाठी, तुमच्या आजोबांनी दोन ओळींत सांगितलं ते सांगायला मला चार परिच्छेद लागले 🙏

---

नेरूळची_आई | रविवार, १.१०

मग पिवळा इशारा का? ४० होणार असेल तर लाल नको का?

---

वेधशाळाकाका | रविवार, २.००

ताई, किनारपट्टीला नियम वेगळा आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला किमान ४० लागतं, किनाऱ्यावर ३७, आणि दोन्हीकडे ते सरासरीच्या ४.५ अंश तरी वर हवं. ६.४ च्या वर गेलं की तीव्र लाट. सांताक्रुझची एप्रिलची सरासरी ३३ च्या आसपास, म्हणजे साडेसदतीस-अडतीसला आपण त्या रेषेवर येतो. शिवाय विभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे व्हावं लागतं, मग दुसऱ्या दिवशी लाट जाहीर करतात. त्यामुळे लोकांना वाटतं खातं उशिरा जागं झालं. जाहीर नंतर होते, पण पिवळा रंग आधी येतो तो याचसाठी, की तयारी करा. पिवळ्याला किरकोळ समजू नका एवढंच कळकळीने सांगतो.

दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाजही येतो खात्याचा. तो सहसा कोणी वाचत नाही, लग्नाचे मुहूर्त काढणाऱ्यांनी तरी वाचावा.

---

खारघरची_ताई | रविवार, ४.४५

पिवळ्याला किरकोळ समजू नका हे वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

१६ एप्रिल २०२३. आमच्या खारघरच्या मोठ्या मैदानावर महाराष्ट्र भूषणचा सोहळा होता. लाखो माणसं, खेड्यापाड्यातून आलेली, कित्येकजण आदल्या रात्रीपासून येऊन बसलेली. त्या दिवशी इथलं तापमान ३८ च्या आसपास होतं. चाळीससुद्धा नाही. त्या उन्हात १४ जणांचा जीव गेला.

मी त्या दुपारी गॅलरीतून रुग्णवाहिका जाताना बघत होते, एकामागून एक. दारावरून माणसं परतत होती, त्यांना आम्ही इमारतीतल्या बायका बादल्या भरभरून पाणी देत होतो. एक आजी पायरीवर बसल्या, त्यांच्या पायात चप्पल नव्हती, त्या फक्त म्हणत होत्या, "बाय, पाय भाजलं गं." त्यांच्या पायांवर मी तांब्याने पाणी ओतत राहिले. अजून एप्रिल लागला की मला ते पाय आठवतात.

म्हणून ३८ आहे की ४३ याचा वाद मला नको वाटतो.

---

डॉ_कळवा | रविवार, ५.३०

ताई, तुमचं पटलं, आणि त्याच्याच पुढचं लिहिते.

चक्कर, मळमळ, पायात गोळे, डोकं ठणकणं, भरपूर घाम: हा उन्हाचा त्रास. सावली, पाणी, मीठ-साखर, आराम, बहुतेक वेळा माणूस सावरतो. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेनासा झाला, झटका आला किंवा शुद्ध हरपली आणि अंग भट्टीसारखं असेल तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. घाम थांबतोच असं नाही, उन्हात काम करणाऱ्यांना घाम असूनही उष्माघात होतो. १०८ लावा, आणि गाडी येईपर्यंत नुसतं थांबू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ किंवा गार ओली फडकी ठेवा. सगळं यश या पहिल्या अर्ध्या तासावर असतं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, हा ताप वेगळा आहे.

घरी जलसंजीवनी: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चिमटी-मूठ अंदाजाने नको.

कोलशेतकर, आईंची बीपीची गोळी लघवी जास्त होणारी असेल तर या आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करून विचारा. स्वतः बंद करू नका.

---

कोलशेतकर | रविवार, ८.०५

डॉक्टर, मनापासून आभार. फोन केला, त्यांनी उद्या सकाळी बोलावलंय.

रंगकामाच्या मुकादमाशीही बोललो. सेक्रेटरी आधी कां कू करत होते, पण खारघरच्या ताईंची पोस्ट वाचून दाखवली. सोमवार ते बुधवार काम सकाळी सहा ते अकरा आणि मग संध्याकाळी साडेचारनंतर.

---

तुर्भे_पेटीवाला | सोमवार, पहाटे ४.५०

तुर्भ्याच्या फळ मार्केटमधून लिहितोय, ट्रक खाली होतायत. इथे बाजार रात्रीच भरतो म्हणून बरं, माथाडी मंडळी नऊ-दहापर्यंत मोकळी होतात. पण उशिरा आलेला ट्रक उन्हात खाली करावा लागतो, पन्नास-पन्नास पेट्या पाठीवरून. त्यांच्यासाठी गाळ्यात माठ ठेवलेत तीन आणि कोकमाचं पाणी.

जरा विषयांतर होईल. देवगड-रत्नागिरीचे बागायतदार या उन्हाने धास्तावलेत. हापूस वरून पिवळाधमक, कापला की आत पांढरट स्पंजासारखा भाग, तो साका. झाडाखालची तापलेली जमीन त्याला कारण होते असं बागायतदार आणि शास्त्रज्ञ दोघंही सांगतात. म्हणून फळ काढलं की उघड्या जमिनीवर ठेवायचं नाही, गवतावर ठेवायचं, आणि काढणी सकाळी लवकर. गिऱ्हाईक येऊन सांगतं आंबा फसवा निघाला, त्याला काय सांगणार, आंबा पण तापला होता.

---

एमएच_०४ | सोमवार, ७.१५

पेटीवाले, साका कमी निघाला तर एक पेटी तीन हात नाक्याला पाठवा 😀

काल सगळं वाचलं बसून. आरशाला लाल नाडी बांधलीय. वारा कुठून ते कळेल. स्टँडवरच्यांना पण सांगितलं.

---

पनवेलकर | सोमवार, १०.२०

ग्रुपवर फिरतंय, "पुढचे पाच दिवस ५० अंश, गाडीची टाकी फुल करू नका स्फोट होईल." कोणी पुढे ढकलू नका कृपया. दरवर्षी तोच मजकूर असतो, फक्त तारीख बदललेली.

---

आठशेपन्नास_मिलीबार | सोमवार, रात्री १०.४०

आजचे नकाशे बघितले. मंगळवार कायम. पूर्वेचा वारा दुपारी दीड-दोनपर्यंत टिकेल असं दिसतंय. बुधवारी अमेरिकावालाही आता युरोपच्या बाजूला आलाय, वारा लवकर फिरेल. ज्यांना कामं पुढे ढकलता येतील त्यांनी उद्याची ढकला.

---

कोलशेतकर | मंगळवार, ११.०५

काका, ताटल्यांची पेटी झाली. काल रात्री मुलीने आणि मी मिळून केली, बॉलपेनच्या नळ्या तिने कापल्या. उत्तरेच्या खिडकीबाहेर काठीला टांगलीय. आत्ता ३७.१. ग्रिलवरचा जुना तसाच ठेवलाय ताडून बघायला. वारा पूर्वेचा, कोरडा, ओठ फुटतायत.

---

घणसोली_टॉप_फ्लोअर | मंगळवार, १२.४०

गच्चीच्या टाकीच्या सावलीत ३९.३. वारा पारसिकच्या डोंगराकडून, गरम. नळाला पाणी उकळतं येतंय.

---

कोलशेतकर | मंगळवार, २.१०

पेटीत ४०.४. ग्रिलवर ४५.

---

नेरूळची_आई | मंगळवार, २.१५

नवीन थर्मामीटर, सावलीत. १.२० ला ३८.८ होतं. दीडला एकदम पडदा आत उडाला, खाडीकडून. आता ३६.२! आला वारा!!

---

एमएच_०४ | मंगळवार, २.३५

तीन हात नाका. नाडी लटकलेली. हलत नाही. एक पॅसेंजर बाई घेरी येऊन बसल्या, गाडीतलं पाणी दिलं, ओला रुमाल मानेवर ठेवला, डॉक्टरताईंनी सांगितलं तसं. शुद्धीवर होत्या. घरी सोडलं. भाडं घेतलं नाही.

---

एमएच_०४ | मंगळवार, २.५२

फिरली नाडी. कळव्याकडे उडतेय.

---

डॉ_कळवा | मंगळवार, ३.४०

फार चांगलं केलंत दादा. आमच्याकडे वारा आत्ता लागला, ३.३० ला. सकाळपासून उन्हाने त्रास झालेले सात रुग्ण पाहिले, सगळे बाहेर काम करणारे, सगळे ठीक आहेत.

---

वेधशाळाकाका | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

शाब्बास मंडळी. नेरूळ १.३०, तीन हात नाका २.५२, कळवा ३.३०. अहो ही माहिती नुसत्या सांताक्रुझच्या आकड्यात कधी दिसली नसती.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. वारा आला म्हणजे सुटलो असं नाही. मी आज घरी दोन थर्मामीटर ठेवले होते, एक कोरडा आणि एकाच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळलेलं. दीडला कोरडा ४०.२, ओला २३. चारला कोरडा ३५, पण ओला २७. म्हणजे पारा उतरला, पण हवेत दमटपणा भरला आणि घाम वाळेनासा झाला. शरीराला गार करायचं साधन घाम वाळणं हेच. ३४ अंश आणि ६५ टक्के दमटपणा असला की अंगाला ४४ सारखं वाटतं. म्हणून संध्याकाळी "आता ३४ झालं, चला मैदानावर" असं करू नका.

---

जुना_नौपाडा | मंगळवार, रात्री ११.३०

वेधशाळाकाका, मी पण एक थर्मामीटर आणलाय. चाळीच्या जागी आता जी इमारत आहे तिच्या गच्चीवर आत्ता उभा आहे. ३०.६. साडेअकरा वाजलेत. इथेच सतरंजी टाकायचो. घणसोलीकर, तुमचं खरं आहे. आजपासून रात्रीची नोंद माझ्याकडे, तसंही झोप लागत नाही.

---

घणसोली_टॉप_फ्लोअर | बुधवार, ६.००

काका 🙏 पहाटे पाचला घरात ३१.८. सोसायटीची चुन्याला मंजुरी मिळाली, रविवारी सगळे मिळून मारणार आहोत. मारण्याआधीचा आणि नंतरचा आकडा दोन्ही इथे टाकतो.

---

कोलशेतकर | बुधवार, ९.४५

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. काल सांताक्रुझ ३७.६, माझी पेटी ४०.४, ग्रिल ४५. म्हणजे साडेसात अंशांतले साडेचार आमच्या भिंतीचे आणि एसीचे होते, पण जवळजवळ तीन खरोखर ठाण्याचे. आईची गोळी डॉक्टरांनी आठवड्यापुरती अर्धी केलीय.

रंगारी आज सहाला आले, अकराला उतरतील. त्यातल्या एकाने विचारलं हे काय टांगलंय, मुलीने त्याला पूर्ण समजावून सांगितलं. आता तो पण खाली उतरताना आकडा बघून जातो. पेटीत आत्ता ३३.९, वारा पडलेला.

---

एमएच_०४ | बुधवार, १२.५०

तीन हात नाका, १२.४५. नाडी कळव्याकडे. कालच्यापेक्षा दोन तास आधी. लिहून घ्या.